विहीणबाईंची मुंबई

माझ्या लेकीच्या सासूबाईंना इमारती बघायला आवडतात, हे आम्हांला लग्न ठरतानाच कळलं होतं. कुणाला गाण्याचं वेड असतं, कुणाला देवदर्शनाचं. या बाईंना कमानी, खिडक्या, छतं. इंदूरला बँकेत त्यांनी नोकरी केली, नवरा लवकर गेला, मुलाला एकटीने वाढवलं, आणि चार दिवस रजा मिळाली की कुठल्या तरी गावची जुनी हवेली नाहीतर पायऱ्यांची बावडी बघायला एकट्या निघायच्या. हे त्यांनीच पहिल्या भेटीत सांगितलं होतं. मी आयुष्यभर श्रीवर्धनच्या प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. मला ते ऐकून जरा धाकच वाटला होता.

धाकाचं रूपांतर पुढे अढीत झालं, त्याचं कारण सांगायला हवं. लग्न श्रीवर्धनलाच झालं. दुसऱ्या दिवशी इंदूरचं वऱ्हाड हरिहरेश्वरला दर्शनाला निघालं, आणि वाटेत आमच्या घरी फराळाला थांबायचं ठरलं होतं. आमचं घर सुपारीच्या वाडीत आहे, जांभ्याच्या उंच जोत्यावर. पुढे लाकडी कठड्याची ओटी, वर कौलं. मी पहाटे उठून घावनं घातली, नारळाचा रस काढला, आणि विहीणबाईंना द्यायला निवडक सुपारीची एक परडी बाजूला काढून ठेवली. सगळं वऱ्हाड उतरलं. विहीणबाई मात्र गाडीतच बसून राहिल्या. मी स्वतः बोलवायला गेले, तेव्हा त्यांनी काच खाली केली, हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळे आटपून या. मी इथंच थांबते."

गाडी लागली असेल म्हणून मी लिंबाचं सरबत पाठवलं. मग घावनं पाठवली. त्यांनी मांडीवर ताट घेऊन सगळं खाल्लं, फार चांगलं झालंय असा निरोपही दिला, पण खाली पाय ठेवला नाही. वऱ्हाड गेल्यावर माझी जाऊ म्हणाली की बाई जगातली घरं बघत हिंडतात आणि सुनेच्या माहेरचं घर काही त्यांना बघण्यासारखं वाटलं नाही. मी तिला गप्प केलं, पण माझ्याही मनात तेच आलं होतं.

त्यानंतर सणावाराला फोन व्हायचे. तब्येत, हवापाणी, मुलं कशी आहेत, एवढ्यावर आम्ही दोघी थांबायचो.

आणि मग गेल्या हिवाळ्यात लेकीचा बंगळूरहून फोन आला. सासूबाई डोंबिवलीला एका भाच्याच्या मुंजीला येणार होत्या आणि पुढे तीन दिवस त्यांना मुंबई बघायची होती. इतक्या वेळा त्या मुंबईवरून गेल्या, पण स्टेशनाबाहेर पडून शहर असं कधी पाहिलं नव्हतं. लेक आणि जावई त्यांना घेऊन फिरणार होते, पण दोघांच्याही ऑफिसात नेमकं काहीतरी अडलं.

"आई, तू आणि बाबा जाल का त्यांच्याबरोबर? त्यांनीच विचारलंय," ती म्हणाली. "सगळं तूच ठरव. कुठे राहायचं, काय बघायचं. तुम्हांला मुंबई जवळ आहे ना."

लोकांना वाटतं आमचा रायगड जिल्हा म्हणजे मुंबईच्या अंगणात. नकाशावर आहेच तसं. पण श्रीवर्धनहून एसटीत बसलं की म्हसळा, माणगाव करत हायवेला लागेपर्यंतच कंबर बोलायला लागते. मुंबईला आम्ही जायचो ते दवाखान्याला नाहीतर कुणाच्या बारशाला. तिथल्या इमारती मी विहीणबाईंना काय दाखवणार होते? पण त्यांनीच विचारलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्याबरोबर कागद-पेन घेऊन बसले.

सुपारी उतरवायचे दिवस होते. वाडीत सुपारी सोलायला येणाऱ्या बाईला मी सांगितलं की दोनदा मुंबईला जाऊन यायचंय, तेव्हा अंगणातल्या वाळवणावर लक्ष ठेव. कशाला जाताय, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, इमारती बघायला. ती हातातलं काम थांबवून बघत राहिली. "बाय, भिंती बगाया मुंबईला कशाला जायाला हवं? आपल्या घराला न्हाय व्हय भिंती?"

दोनदा जायचं हे माझ्या यजमानांनी ठरवलं होतं. आधी माझं ओळखीपाळखीच्या सगळ्यांना विचारून झालं होतं. शाळेतले चित्रकलेचे गुरुजी, शेजारच्यांचा दादरला राहणारा मुलगा, माझी एक मावसबहीण. प्रत्येकाने पाच-सहा ठिकाणं सांगितली आणि प्रत्येकाचं शेवटी ठरलेलं वाक्य, हे चुकवू नका. त्या सगळ्याचा मेळ घालायला बसले तर तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत पळावं लागेल असा बेत तयार झाला. मी तो यजमानांना वाचून दाखवला. ते तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, कुठलंही काम प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय पुढे न सरकवणारे. ते म्हणाले, "पाहुण्यांना नेण्याआधी आपण एकदा जाऊन येऊ. नाहीतर त्यांच्यासमोर रस्ता शोधत उभे राहू."

म्हणून पंधरा दिवस आधी आम्ही दोघंच मुंबईला गेलो. फोर्टात एक लहानसं, स्वच्छ हॉटेल शोधलं आणि दोन दिवस पायी हिंडलो. यजमान कामानिमित्त या भागात कितीतरी वेळा आले होते. पण हातात फाइल, डोक्यात साहेबाला काय सांगायचं ते. मान वर करायला सवड कुणाला. आता ते रस्त्याच्या मधोमध थांबून वर बघायला लागले आणि मला त्यांना दंडाला धरून बाजूला घ्यावं लागलं. "हा सगळा काळा दगड," ते म्हणाले. "आपल्याकडे असला घडवायचा म्हणजे टाकीच मोडेल. आपला जांभा बरा, खाणीतून ओला काढला की लोण्यासारखा कापता येतो." मग एका खांबाला हात लावून ते बराच वेळ उभे राहिले. त्यांना एवढं रमलेलं मी वाडीबाहेर कुठे पाहिलं नव्हतं.

मला मात्र इमारतींपेक्षा दुसरंच दिसत होतं. ज्या जागा लोकांनी चुकवू नका म्हणून सांगितल्या होत्या, त्यांतल्या निम्म्या ठिकाणी आत सोडतच नव्हते. कुठे कचेरी, कुठे कोर्ट, कुठे परवानगी हवी. बाहेरून बघायचं तर ऊन. सावली असली तर बसायला जागा नाही. बसायला जागा असली तर समोर बस उभी. बायकांसाठी बरं स्वच्छतागृह कुठे आहे, हे तर कुणीच सांगितलेलं नव्हतं. शाळेच्या सहली नेऊन नेऊन मला एक गोष्ट पक्की माहीत होती, की माणूस दमलं की त्याला ताजमहालही नकोसा होतो.

टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून मी वर गेले आणि मला धाप लागली. खाली बघते तर यजमान पहिल्याच पायरीवर बसून चणे खात होते. तिथून उठून आम्ही समोरच्या गोल बागेत गेलो. मोठाली झाडं, बाकं, आणि बागेभोवती एकसारख्या कमानींच्या इमारतींचं कडं. तिथे आम्ही इतका वेळ बसलो की बेताचे दोन मुक्काम बुडाले. बुडाले ते बुडाले, असं म्हणून मी ते काढूनच टाकले.

परत येताना एसटीत मी बेत नव्याने जुळवला. पहिल्या दिवशी सकाळी बोरीबंदरचं स्टेशन, तेही रस्त्यापलीकडून, आणि दुपारनंतर ओव्हल मैदान. दुसऱ्या दिवशी टाऊन हॉल आणि गोल बाग. तिसऱ्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या त्या गोलाकार कोपऱ्यांच्या इमारती. बस. मधल्या वेळात जेवण आणि आराम. यजमानांनी गावातल्या दुकानातून एक घडीचं स्टूल विकत आणलं, कुठेही उघडून बसता येईल असं. बेत कागदावर फारच रिकामा दिसत होता. एवढ्या लांबून आलेल्या जाणत्या बाईला हे इतकंच दाखवायचं? त्या म्हणतील, यांना काही कळत नाही. आणि नाहीतरी आमच्याबद्दल त्यांचं मत फार चांगलं नसणारच, असं मला वाटत होतं.

ठरल्या दिवशी विहीणबाई डोंबिवलीहून टॅक्सीने हॉटेलवर आल्या. सुती साडी, पायात बूट, गळ्यात दुर्बीण. पक्षी बघणारे लोक बाळगतात तसली. मी बिचकत बिचकत त्यांना बेत सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हणजे आज फक्त दोनच जागा?"

माझा चेहरा पडला असणार. मी घाईने म्हटलं की हवं तर अजून चार जागा घालता येतील. त्या नको म्हणाल्या, हेच छान आहे. पण ते त्या मनापासून म्हणताहेत की सोयरिकीखातर, हे मला ओळखता आलं नाही.

स्टेशनासमोर यजमानांनी स्टूल उघडून दिलं. विहीणबाई त्यावर बसल्या, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि एकेक खिडकी निरखू लागल्या. मला वाटलं आता शैली कुठली, शतक कुठलं, याची व्याख्यानं ऐकावी लागणार. तसं काही झालं नाही. त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "त्या तिसऱ्या खिडकीच्या वर बघा. पानांत कोण बसलंय?" मी बघितलं. आधी नुसता दगड हलत होता. मग हात स्थिर झाला, आणि पानांच्या गर्दीतून डोकावणारं एक एवढंसं माकड दिसलं. इतक्या उंचावर, जिथे साध्या डोळ्यांना काही दिसणारच नाही, तिथे कुणीतरी ते मन लावून कोरलं होतं. यजमानांनीही बघितलं. मग आम्ही तिघंजण आळीपाळीने दुर्बीण घेऊन माकडं, मोर आणि विचित्र तोंडाचे प्राणी शोधत राहिलो. येणारे-जाणारे थांबून आम्ही काय बघतोय ते बघत होते.

संध्याकाळी ओव्हल मैदानावर एका बाजूला टोकदार कमानींच्या काळ्या इमारती आणि घड्याळाचा मनोरा, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत, रंगीत, आगबोटीसारख्या गॅलऱ्यांची घरं, आणि मध्ये क्रिकेट खेळणारी पोरं. विहीणबाई स्टूल फिरवून एकदा इकडे तोंड करून बसायच्या, एकदा तिकडे. म्हणाल्या की एवढी दोन टोकं समोरासमोर बसून त्यांनी कुठे बघितली नव्हती. मी खूश झाले. पण अढी ती अढी. रात्री झोपताना मला वाटलंच, इथे सगळं इतकं निरखून बघतात, मग आमच्याच घराने काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी टाऊन हॉल. त्या रुंद पायऱ्यांच्या तळाशी आम्ही उभे राहिलो. वरचे पांढरे खांब उन्हात चमकत होते. यजमान पुढे झाले. मी विहीणबाईंना म्हटलं, चला, वरून बाग फार सुंदर दिसते. त्यांनी पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला. मग तो मागे घेतला.

"तुम्ही दोघं जाऊन या," त्या म्हणाल्या. "मी इथंच थांबते."

तेच शब्द. तोच आवाज. क्षणभर मला इतका राग आला की मी न बोलता पुढे निघालेही होते. पण शाळेत इतकी वर्षं काढल्यावर माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची सवय जात नाही. मी मागे वळून पाहिलं. त्यांनी बाजूचा दगडी कठडा घट्ट धरला होता आणि त्यांच्या ओठावर घाम आला होता.

मी परत खाली आले आणि विचारलं, "बरं वाटत नाही का?"

त्या नाही म्हणाल्या, मग हो म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "माझे गुडघे गेलेत हो. सपाटीवर कितीही चालेन. चढेनही कशीबशी. पण उतरायचं म्हटलं की पाय धरतच नाही. दोनदा पडले आहे."

कधीपासून, म्हणून मी विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून."

त्यांनीच पुढे सांगितलं. "तुमच्या घराच्या पायऱ्या मी गाडीतून बघितल्या आणि माझा धीरच झाला नाही. त्यांना कठडा नव्हता. चार माणसांनी मला धरून उतरवलं असतं, तेही नव्या सोयऱ्यांसमोर. मुलाला कळलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी ऑपरेशनची तारीख घेतली असती आणि माझं फिरणं बंद केलं असतं. तुम्ही स्वतः बोलवायला आलात, मी आले नाही. तुम्हांला वाईट वाटलं असेल, हे मला माहीत आहे. फोनवर सांगू सांगू म्हणता राहून गेलं."

आम्ही टाऊन हॉल तसाच ठेवला आणि रस्ता ओलांडून बागेत जाऊन बसलो. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. इतके दिवस छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटत होतं, तो कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. आम्ही काय समजलो, जाऊ काय म्हणाली, नव्या बेताने मी किती घाबरले होते. त्यांनी ऐकलं आणि मग म्हणाल्या की बेताची खरी भीती त्यांना होती. डोंबिवलीत त्या रात्रभर विचार करत होत्या, की या बाई शिक्षिका, शिस्तीच्या, दिवसाला दहा इमारती दाखवतील आणि प्रत्येकीचा जिना चढायला लावतील. "दोनच जागा म्हणालात तेव्हा मी देवाचे आभार मानले," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी यजमानांकडे वळून विचारलं, "तुमच्या ओटीच्या कठड्याचा एक खांब वेगळा का आहे हो? बाकी सगळ्यांवर वेलबुट्टी आहे. डावीकडचा एक साधा आहे."

यजमान सरसावून सांगू लागले. वादळात वाडीतला माड ओटीवर पडला होता, तेव्हा तो खांब मोडला. गावातल्या सुताराने फणसाच्या लाकडाचा नवा करून बसवला, पण तसली वेलबुट्टी कोरणारं आता कुणी राहिलं नाही, म्हणून तो साधाच राहिला. आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणाच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. विहीणबाईंनी ते गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. आम्ही आत पाहुण्यांना घावनं वाढत होतो तेवढा सगळा वेळ त्या घरच बघत होत्या. कौलांची उतरण, पागोळ्या पडून अंगणात उमटलेली रेघ, माजघराच्या खिडकीचे लाकडी गज, सगळं त्यांना आठवत होतं. यजमान एकेक गोष्ट सांगत राहिले, त्या विचारत राहिल्या, आणि मी बाकावर मागे टेकून ऐकत राहिले. समोर एवढी थोरली कमानींची ओळ होती आणि गप्पा चालल्या होत्या आमच्या श्रीवर्धनच्या ओटीच्या.

मुलाला सांगू नका, असं त्यांनी मला एकदा म्हणून पाहिलं. मी म्हटलं, मी आपणहून सांगणार नाही, पण लेकीने विचारलं तर तिच्याशी खोटं बोलणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या की मग मीच सांगते, फक्त हे तीन दिवस जाऊ देत.

तिसऱ्या दिवशी बेताचं दडपण कुणालाच राहिलं नाही. एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला आम्ही सांगितलं की मरीन ड्राइव्हवरून अगदी सावकाश ने, मागचे ओरडले तरी. त्याने खरोखरच तसं नेलं. गोल कोपरे, लांबट गॅलऱ्या, काचेवर कोरलेले सूर्य, सगळं डोळ्यांसमोरून सरकत गेलं. मग समुद्राकडच्या कट्ट्यावर आम्ही भेळ घेऊन बसलो. विहीणबाईंना इमारतींकडे तोंड करून बसायचं होतं आणि यजमानांना समुद्राकडे, म्हणून ते दोघं पाठीला पाठ लावल्यासारखे बसले होते आणि मान वळवून बोलत होते. मी मध्ये.

संध्याकाळी त्यांना इंदूरच्या गाडीत बसवलं. डब्याच्या पायऱ्या उंच होत्या. या वेळी त्यांनी आपणहून माझा हात मागितला, आणि मी आणि यजमानांनी त्यांना सावकाश वर घेतलं. बर्थवर बसल्यावर त्यांनी पर्समधून फोन काढला आणि मुलाला लावला. आम्ही खिडकीबाहेर उभे होतो. आतलं काही ऐकू आलं नाही, पण त्या बोलता बोलता स्वतःच्या गुडघ्यावर हात फिरवत होत्या, तेव्हा कशाबद्दल चाललंय ते कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही श्रीवर्धनला पोचलो आणि मी हातपाय धुऊन चहा टाकते न टाकते तोच लेकीचा फोन. तिला रात्रीच सगळं समजलं होतं. लग्न झाल्यापासून ती दोन्हीकडचं बघत होती. इकडे मी त्यांच्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते, तिकडे त्या माझ्याबद्दल, आणि या न बोलण्याचंच तिला ओझं झालं होतं. ती थोडी रडली, मग तिने नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं की ऑपरेशननंतर महिनाभर त्यांच्याजवळ राहायला मी इंदूरला येईन का.

मी म्हटलं, येईन की. सुपारीचं काम एकदा आवरलं की कधीही.

चहा उतू गेला होता. मी दुसरा टाकला.